भीतीची रंगीत तालीम

मी भित्रा नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. मी सावध माणूस आहे. भित्रा माणूस वाघ दिसला की पळतो; सावध माणूस जिथे वाघ असू शकेल अशा ठिकाणी मुळात जातच नाही. हा फरक आमच्या घरात गेली कित्येक वर्षं कुणी मानायला तयार नाही. टीव्हीवर भुताखेताचा सिनेमा लागला की नेमका त्याच वेळी मला स्वयंपाकघरातला नळ गळल्याचा आवाज येतो, किंवा गॅस बंद केलाय की नाही अशी शंका येते, हा निव्वळ योगायोग आहे. माझ्या मुलीला तसं वाटत नाही. तिच्या मते आमच्या घरातल्या गॅसइतका तपासलेला गॅस जगात दुसरा नसेल.

तर ही मुलगी, म्हणजे आमचं एकुलतं एक कन्यारत्न, शिक्षण संपवून नोकरीसाठी लांबच्या शहरात निघाली होती. लांब म्हणजे विमानाने जावं लागेल इतकं लांब. सोमवारी सकाळी निघायचं होतं. आठवडाभर आधी तिच्या आईने तिला विचारलं, "जाण्याआधी काय काय करायचंय ते आत्ताच सांगून ठेव बाई. ऐनवेळी माझी धावपळ नको." आईला वाटलं, ही काहीतरी आवडीचं खायला मागेल, नाहीतर मैत्रिणींना घरी बोलवायचं म्हणेल. कन्येने सरळ माझ्याकडे बोट केलं.

"मला बाबाबरोबर एक अख्खा सिनेमा बघायचाय. मदतवाल्या मुलीचा."

माझ्या हातातला चहा बशीत सांडला. मदतवाल्या मुलीचा सिनेमा म्हणजे काय हे ज्यांना माहीत नसेल ते सुखी आहेत. सिनेमा फार जुना. मी शाळेत असताना तो आमच्या गावच्या थेटरात लागला होता आणि लोक मध्यंतराला बाहेर आले ते पुन्हा आत गेलेच नव्हते, असं सांगतात. त्यात सातेक वर्षांची एक मुलगी आहे. दोन वेण्या, पांढरे मोजे, कडक इस्त्रीचा फ्रॉक. ती कुणाहीजवळ जाते आणि अत्यंत नम्रपणे विचारते, "मी मदत करू?" समोरचा माणूस हो म्हणाला की संपलं, त्याचा पुढच्या प्रसंगात फक्त फोटो दिसतो. आता ज्यांनी स्वतः मूल वाढवलंय त्यांना मी विचारतो, सात वर्षांचं पोर न सांगता, न ओरडता, आपण होऊन मदत करू का विचारतंय, यापेक्षा भयंकर काही असू शकतं का? मला तर पुढचा सिनेमा नसता तरी चाललं असतं.

"अगं, त्यांच्याकडे काय मागतेस?" बायको म्हणाली. "जे होण्यासारखं आहे ते माग."

"मला तेच हवंय," कन्या म्हणाली. मग माझ्याकडे बघून हसली, पण ते हसू नेहमीचं नव्हतं. "बाबा, तू प्रत्येक वेळी मधूनच उठून जातोस. सिनेमा संपतो तेव्हा शेजारी नुसती उशी असते. एकदा तरी शेवटपर्यंत बस ना माझ्याजवळ. आता परत कधी?"

मी म्हटलं, "बसेन. रविवारी. दुपारी."

"दुपारी? उजेडात कोण बघतं असला सिनेमा?"

"पडदे ओढू," मी म्हणालो. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या नजरेत मला जे दिसलं त्याला विश्वास म्हणत नाहीत. तिथल्या तिथे मी मनाशी ठरवलं, काय वाटेल ते होवो, रविवारी मी त्या सोफ्यावरून हलणार नाही.

इथे माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या नोकरीमुळे झालं. मी एका मोठ्या कंपनीच्या कचेरीत सुरक्षा विभागात आहे. माझं मुख्य काम म्हणजे अधूनमधून आगीची कवायत घेणं. मी भोंगा वाजवतो, सहा मजल्यांवरचे लोक जिन्याने खाली मैदानात येतात, मी डोकी मोजतो आणि सगळे परत वर जातात. त्यामुळे कचेरीत मला भोंगासाहेब म्हणतात आणि एव्हाना आमच्या इमारतीतही तेच नाव पोचलंय. कवायतीची तारीख आम्ही पंधरवडाभर आधी फळ्यावर लावतो. लोक मग छत्र्या, पाण्याच्या बाटल्या, विणकाम असं सगळं घेऊन, गप्पा मारत खाली उतरतात. कुणी घाबरत नाही. आयुष्यभराच्या अनुभवातून माझं एक मत बनलंय की आधी माहीत असलेली आपत्ती ही आपत्ती राहतच नाही, तो एक कार्यक्रम होतो. त्याच न्यायाने मी विचार केला की रविवारच्या आपत्तीचीही कवायत घेता येईल. सिनेमा आधी गुपचूप एकट्याने बघून टाकायचा. कुठे कोण मरतं, दार कधी करकरतं, हे पाठ करून ठेवायचं. मग रविवारी कन्येशेजारी असा बसेन की तिला वाटावं, बाप आहे की पहाड.

आता बघायचा कुठे? घरात दोघी बॅगा भरत बसलेल्या. म्हणून मी बुधवारी जेवणाच्या सुट्टीत कचेरीतल्या भोंग्याच्या खोलीत गेलो. ही खोली माझ्या एकट्याच्या ताब्यात असते. दार लोटलं, मोबाइल टेबलावर टेकवून ठेवला, कानात इयरफोनची ती बोंडं घातली आणि सिनेमा सुरू केला. पडद्यावर एक आजी लोकर गुंडाळत बसली होती. मागून पावलं वाजली. दोन वेण्या दिसल्या. "आजी, मी मदत करू?" आजी वळली, प्रेमाने हसली आणि म्हणाली, "कर की गं बाळा."

त्याच क्षणी माझ्या खांद्यावर एक गार हात पडला.

तो कँटीनवाल्याचा हात होता हे मला नंतर कळलं. "साहेब, चहा घेणार का?" एवढंच तो विचारत होता, पण माझे कान भरलेले. मी खुर्चीसकट उडालो आणि माझं कोपर भोंग्याच्या लाल बटणावर पडलं. ते बटण मीच निवडलेलं आहे. एकदा दाबलं की किल्लीशिवाय बंद होत नाही, आणि किल्ली घाबरलेल्या माणसाला कधीच सापडत नाही.

पुढे जे झालं ते आमच्या कचेरीच्या इतिहासात झालेलं नव्हतं. फळ्यावर सूचना नसताना भोंगा वाजला, म्हणजे खरीच आग लागली, असा सगळ्यांनी अर्थ काढला आणि सहाच्या सहा मजले पाण्यासारखे खाली आले. एरवी गुडघे दुखतात म्हणून कवायतीतून सूट मागणाऱ्या टायपिस्ट बाई सर्वांत पुढे होत्या. हिशेब विभागाचे प्रमुख एका पायात बूट आणि हातात दुसऱ्याच कुणाचा तरी डबा घेऊन मैदानात उभे होते. मी पोचलो तेव्हा मोठे साहेब धापा टाकत माझीच वाट बघत होते.

"काय प्रकार आहे हा?"

माणसाची अब्रू अशा वेळी एका वाक्यावर टांगलेली असते. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, कवायत. जाहीर न केलेली."

मला वाटलं होतं, साहेब आता मला मैदानातच सोडून वर जातील. पण त्यांचा चेहरा उजळला. अशी कल्पक कवायत त्यांनी त्यांच्या उभ्या नोकरीत पाहिली नव्हती म्हणे. त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि यापुढे दर आठवड्याला अशीच एक न सांगता कवायत घ्यायचा हुकूम दिला. सहा मजल्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर विसरू म्हटलं तरी विसरता येणार नाही. हिशेबप्रमुख बूट शोधायला निघताना माझ्याजवळ थांबून म्हणाले, "भोंगासाहेब, तुमच्या निरोप समारंभाला आम्ही असेच पळत येऊ." माझ्या वाटेचा चहा त्या दिवसापासून सहा मजल्यांवर अडत अडत, गार होऊनच टेबलावर येऊ लागला.

एवढ्या रामायणानंतर माझा सिनेमा किती बघून झाला होता? एक आजी.

कचेरीत पुन्हा जमणार नाही हे उघड होतं. संध्याकाळी मी आमच्या इमारतीखालच्या औषधाच्या दुकानात गेलो आणि औषधवाल्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, भीती जाईल पण माणूस जागा राहील, अशी एखादी गोळी मिळते का?

"अशी गोळी असती तर मीच ती खाऊन घरी बायकोशी बोललो नसतो का?" औषधवाले म्हणाले. "पण भीती कशाची?"

मी त्यांना सगळं सांगितलं आणि कुणाला न सांगण्याची शपथ घातली. शपथ त्यांनी पाळली. त्यांनी फक्त तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशींना सांगितलं, कारण मावशी म्हणजे कुणी परक्या नव्हेत. मावशींनी दुसऱ्या मजल्यावरच्या हेडसरांना सांगितलं, कारण हेडसर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना सगळं माहीत असायलाच हवं. मी जिना चढून घरी पोचेपर्यंत माझी भीती माझ्याआधी तीन मजले चढली होती. नशीब एवढंच, की कन्येला आणि बायकोला कळू द्यायचं नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं.

मग सल्ले सुरू झाले. औषधवाल्यांचं म्हणणं, कानात कापूस घालायचा, भीती ही नेहमी कानातून शिरते. मावशी म्हणाल्या, "चेहऱ्याकडे बघायचंच नाही मुळी. कपड्यांकडे बघायचं. मी सगळे सिनेमे तसेच बघते. परवा एकात सतरा माणसं मेली म्हणतात, मला फक्त एक कॉलर चुकलेली दिसली." हेडसरांनी दोघांनाही गप्प केलं आणि मला म्हणाले, "भीती म्हणजे अज्ञान. धड्याचं विवेचन झालं की भीती उरत नाही. शुक्रवारी दुपारी माझ्याकडे या. माझा टीव्ही मोठा आहे."

शुक्रवारी अर्धी रजा घेणं काही सोपं गेलं नाही. रजेसाठी कारण लागतं. मी 'घरगुती' असं लिहिलं, तर वरून विचारणा झाली की घरगुती म्हणजे नक्की काय. शिवाय मी नसताना भोंग्याचा ताबा कुणाकडे, हा प्रश्न निघाला. भोंगा हाती आला की लोकांच्या शिव्या खाव्या लागतात हे बुधवारी सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे त्या खोलीच्या किल्लीला कुणी हात लावायला तयार होईना. शेवटी कँटीनवाल्याने, आपल्यामुळे साहेबांचं कौतुक झालं अशा समजुतीने, ती आनंदाने खिशात घातली.

हेडसरांच्या घरी पोचलो तर तिथे मावशी मांडीवर एका फ्रॉकचं काजबटणाचं काम घेऊन आधीच बसलेल्या, आणि औषधवाले 'मालाची मोजदाद चालू आहे' अशी पाटी दुकानावर लावून आलेले. सिनेमा सुरू झाला. मी जाहीरपणे कबूल करतो की हेडसरांची पद्धत गुणकारी होती. ते दर दोन मिनिटांनी सिनेमा थांबवत. "आता सांगा, इथे दिग्दर्शकाने दार अर्धवट उघडं का ठेवलं असेल? विचार करा. घाई नाही." तिकडून मावशी म्हणत, "घेर बघा फ्रॉकचा. तिरका कापलाय. कापड किती वाया गेलं असेल!" अशा वातावरणात भूत तरी काय करणार? आजी गेली, माळी गेला, पियानो शिकवणाऱ्या बाई गेल्या, आणि मी तिन्ही मृत्यू बिस्किटं खात पाहिले. माझा आत्मविश्वास इतका वाढला की पियानोच्या बाईंच्या वेळी मी स्वतः हात वर करून एक शंका विचारली.

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली.

"तुम्ही जवळ आहात, उघडा जरा," हेडसर म्हणाले.

मी दार उघडलं. समोर दोन वेण्या होत्या. पांढरे मोजे होते. कडक इस्त्रीचा फ्रॉक होता. ती वर मान करून माझ्याकडे बघत होती.

"काका, मी मदत करू?"

ती वरच्या मजल्यावरची छोटी होती. नुकतीच शाळेतून आलेली, आणि हेडसरांकडे पाहुणे आलेत म्हणून आईने तिला कपबशा द्यायला मदतीला पाठवलेलं. हा सगळा तपशील मला नंतर समजला. त्या क्षणी मला एवढंच समजलं की मी हेडसरांच्या न्हाणीघरात आहे, आतून कडी लावलेली आहे आणि मी बादलीवर उभा आहे.

जरा वेळाने मी बादलीवरून उतरलो, चेहऱ्यावर पाणी मारलं, आणि पोट बिघडल्याचं निमित्त मनाशी जुळवून कडी काढायला गेलो. कडी हलेना. वर केली, खाली केली, तिच्याशी गोड बोलून पाहिलं. मग दार ठोठावलं.

"आलो, आलो!" बाहेरून हेडसर म्हणाले. पण मी नसल्यामुळे आता विवेचन बंद झालं होतं, सिनेमा सलग सुरू झाला होता, आणि कुणी येईना. मी पुन्हा ठोठावलं. मावशी ओरडल्या, "एकच मिनिट हं, ती विहिरीपाशी गेलीये!" मग हेडसरांनी सुताराला फोन केला म्हणून सांगितलं. सुतार आला तेही मी ऐकलं. "कुठंय दार?" असं त्याने विचारलं, आणि मग त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "अरे बापरे. हा तोच सिनेमा ना?" त्यानंतर खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

मंडळी, सिनेमा बघणं एक वेळ सोपं, नुसता ऐकणं महाकठीण. आत अंधार, नळाची टिपटिप, आणि बाहेरून पावलं, किंकाळ्या, विहिरीवरचा रहाट. त्यात माझ्या पायाशी, दाराच्या अगदी फटीशी, एक गोड आवाज अधूनमधून विचारत होता, "काका, मी मदत करू?" त्या पोरीला सिनेमा दिसू नये म्हणून मावशींनी तिला न्हाणीघराच्या दारापाशी, माझ्या सोबतीला बसवलं होतं. मी दर वेळी म्हणत होतो, "नको गं बाळा, तू घरी जा." तिने मला फटीतून एक बिस्किट सरकवलं. मी ते खाल्लं नाही.

दार उघडलं तेव्हा सिनेमा संपला होता. शेवट सोडून उठवेना, असं सुतारानेच सांगितलं. बाहेर येऊन बघतो तर हेडसर भिंतीला पाठ लावून उभे, मावशींनी बटण फ्रॉकऐवजी स्वतःच्या पदराला शिवलेलं, आणि औषधवाले क्षीण आवाजात विचारत होते, "कुणाकडे एखादी गोळी आहे का हो?"

"शेवट काय आहे?" मी विचारलं.

हेडसरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भोंगासाहेब, मी आजवर कुठल्याही विद्यार्थ्याला हे सांगितलं नाही. पण तुम्ही हा पेपर सोडा."

"तुम्हाला झेपायचं नाही," मावशी म्हणाल्या. सुतारानेसुद्धा मान हलवली. तो मला त्या दिवशी पहिल्यांदा भेटत होता. मी ताडकन म्हणालो, "मी रविवारी बसणार म्हणजे बसणार," आणि तरातरा निघालो. जिन्यात औषधवाल्यांनी दुकानापर्यंत सोबत येता का विचारलं, म्हणून आधी त्यांना सोडून आलो.

घरी कन्या म्हणाली, "बाबा, तुझ्या केसांत लाकडाचा भुसा कसला?" मी म्हटलं, हेडसरांच्या दाराचं काम निघालं होतं. ते खोटं नव्हतं.

रविवार उजाडला. सकाळपासून शेजारी काही ना काही निमित्ताने येऊन माझ्याकडे, शस्त्रक्रियेला निघालेल्या माणसाकडे बघावं तसं बघून जात होते. औषधवाल्यांनी कापसाची पुडी माझ्या मुठीत कोंबली. कन्येला यातलं काही दिसत नव्हतं. आदल्या रात्री ती झोपलीच नव्हती. बॅगेत काय घ्यायचं, काय ठेवायचं, मग मैत्रिणींचे निरोप, मग पुन्हा बॅग. डोळे तारवटलेले, पण उत्साह उतू जात होता. दुपारी जेवणं झाल्यावर तिची आई तिच्या नव्या पँटी उंचीला कमी करून आणायला मावशींकडे गेली आणि आम्ही पडदे ओढले.

"नक्की ना बाबा? गॅस बघून ये आधी."

"बंद आहे," मी म्हणालो आणि सोफ्यावर बसलो. ती माझ्याजवळ सरकून बसली, रिमोट हातात धरला.

आजी लोकर गुंडाळू लागली. पावलं वाजली. दोन वेण्या आल्या. मी स्वस्थ होतो. कन्या पडद्याऐवजी माझ्याकडेच बघत होती.

"बाबा! तू घाबरला नाहीस?"

"यात घाबरण्यासारखं काय आहे?"

"कमाल आहे," ती म्हणाली आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. माळी आला. माळ्याच्या वेळी दार अर्धवट उघडं का ठेवलंय हे मी तिला समजावून दिलं. ती "हं" म्हणाली. पियानोच्या बाई आल्या. मी म्हटलं, "घेर बघ फ्रॉकचा, तिरका कापलाय." उत्तर आलं नाही.

मी मान वळवून पाहिलं. तोंड जरासं उघडं, एक बट ओठांवर. लहानपणी झोपायची तशीच गाढ झोपली होती.

आणि इकडे पियानोच्या बाई गेल्या. माझा अभ्यास इथवरच झालेला होता.

पडद्यावरची मुलगी विहिरीच्या दिशेने चालू लागली. सिनेमा बंद करावा म्हणून मी रिमोटकडे पाहिलं, तर तो कन्येच्या मुठीत, आणि मूठ तिच्या गालाखाली. ओढला असता तर ती जागी झाली असती. उठलो असतो तरी जागी झाली असती. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि सकाळी एवढा प्रवास. स्वयंपाकघरात नळ गळू लागला. खरंच गळू लागला, ते मी आजही शपथेवर सांगेन. मी हललो नाही. कापूस खिशात होता, पण खिसा तिच्या बाजूचा. डोळे मिटून पाहिले, तर ते न्हाणीघर आठवलं आणि मी पटकन उघडले.

मग मी तो सिनेमा पाहिला. सगळा. विहीर पाहिली, माळा पाहिला, त्या माळ्यावरचा आरसा पाहिला. ज्या जागी हेडसर भिंतीला टेकले असतील ती जागा मला बरोबर ओळखू आली. किंकाळी घशापर्यंत येत होती आणि मी ती गिळत होतो, पुन्हा येत होती, पुन्हा गिळत होतो. खांद्याला मुंग्या आल्या, मग खांदा आहे की नाही तेच कळेनासं झालं. आरशाच्या प्रसंगाला तर मी तिचं मनगट घट्ट धरलं. ती झोपेत काहीतरी पुटपुटली आणि आणखी जवळ सरकली. तेव्हा मला एकदम वाटलं, उद्या या वेळी हा सोफा रिकामा असेल. त्या आरशातल्या पोरीपेक्षाही मला त्याचीच जास्त भीती वाटली. आयुष्यभर मी लोकांच्या कवायती घेत आलो आणि या गोष्टीची एकही कवायत केली नव्हती. माझे डोळे भरून आले, आणि त्यामुळे विहिरीतून ते जे काही वर आलं ते जरा अंधूक दिसलं, एवढाच काय तो फायदा झाला.

नावं वर सरकू लागली तेव्हाच दार वाजलं. बायको पँटी घेऊन आत आली आणि तिने दिवा लावला. कन्या दचकून उठली. तिने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"संपला?" तिचा चेहरा पडला. "मी झोपले? बाबा, मी झोपले होते? अरे देवा. एकच तर दुपार होती. मीच म्हटलं होतं, शेवटपर्यंत बसू, आणि मीच..."

माझ्या आयुष्यात मी एकदाच शूरपणा केला होता आणि तो सांगायला माझी जीभ शिवशिवत होती. इमारतीत, कचेरीत, सहाच्या सहा मजल्यांवर सांगण्यासारखा होता. मी म्हणालो, "अगं, मी कुठे पाहिला? माझाही डोळा लागला. पियानोच्या बाईंपासून पुढचं काही आठवत नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा चुन्यासारखा पांढरा होता, शर्ट घामाने भिजलेला, आणि मुठीत सोफ्याचा कापूस आला होता. तिने नुसत्या पँटी खुर्चीवर ठेवल्या आणि माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली.

"तू पण झोपलास?" कन्येने डोळे पुसले आणि खुदकन हसली. "मग काहीच गेलं नाही! अजून संध्याकाळ व्हायचीये. थांब, पहिल्यापासून लावते."

तिने रिमोट उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. "लावू?"

"लाव," मी म्हणालो.

दिवा बंद झाला. आजी लोकर गुंडाळू लागली. पावलं वाजली, दोन वेण्या दिसल्या, आणि ती पोरगी "मी मदत करू?" म्हणाली मात्र, मी असा ओरडलो, की मघापासून गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं. खालून मावशींनी खिडकीतून विचारलं, काय झालं हो? शेजारी कन्या पोट धरून हसत होती, हसता हसता माझ्या दंडाला घट्ट धरत होती, आणि "बाबा, उठू नकोस हं, उठू नकोस" म्हणत होती.